लाल त्रिकोण, हिरवा त्रिकोण आणि धुक्यातले जहाज

सॅन फ्रान्सिस्कोला पाहुणे आले की आपण त्यांना फिशरमन्स वॉर्फवर नेतोच. सी लायन बघून होतात, पुलाचे फोटो काढून होतात, आणि मग पियर ४५ ला बांधलेली एक लांबट, काळपट बोट दिसते. ती ‘यूएसएस पँपनिटो’, दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये लढलेली अमेरिकन पाणबुडी. आता ती संग्रहालय आहे. शिडीवरून खाली उतरलात, की सोबतच्या पाहुण्या काका-काकूंना पहिला प्रश्न पडतो, “एवढ्याशा जागेत माणसे राहायची कशी?” पण तुमच्या घरात ‘सायलेंट हंटर’सारखे पाणबुडीचे खेळ खेळणारे एखादे मूल असेल, तर ते तिथे वेगळेच काहीतरी शोधत असते. पेरिस्कोप कुठे आहे? टॉर्पेडोचे गणित करणारे यंत्र कुठे आहे? आणि जहाज कोणाचे आहे हे ते लोक ओळखायचे कसे?

हा तिसरा प्रश्न सर्वात अवघड आहे, आणि आजचा लेख त्याच्याबद्दल आहे.

पाणबुडीचे खेळ तसे जुने. १९८५ साली मायक्रोप्रोज या अमेरिकन कंपनीने ‘सायलेंट सर्व्हिस’ काढला. १९९६ साली पहिला ‘सायलेंट हंटर’ आला आणि २००७ साली त्याचा चौथा भाग, पुन्हा पॅसिफिकमधल्या अमेरिकन पाणबुड्यांवर. तुम्ही कर्णधार असता. क्षितिजावर धूर दिसतो. खेळ सोप्या पातळीवर लावला असेल तर काम सोपे असते: शत्रूच्या जहाजाची खूण लाल, तटस्थ जहाजाची हिरवी. लाल दिसले की टॉर्पेडो सोडायचा. चुकून हिरव्यावर सोडलात तर गुण कापले जातात. पण अवघड पातळीवर हे रंग नाहीसे होतात. तुमच्याकडे उरतात एक भिंग, एक पुस्तक आणि थोडासा वेळ. खऱ्या कर्णधाराकडेही तेवढेच होते.

क्षितिजाआडचे जहाज

आधी दिसते काय ते पाहू. पृथ्वी गोल असल्यामुळे दूरचे जहाज तळापासून झाकलेले असते. हिशेब सोपा आहे. डोळ्याची पाण्यापासूनची उंची मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा, त्याला ३.६ ने गुणा. उत्तर आले तितक्या किलोमीटरवर तुमचे क्षितिज. पेरिस्कोपचे टोक पाण्याच्या वर जेमतेम एक मीटर असेल, तर क्षितिज ३.६ किलोमीटरवर. समोरच्या जहाजाची डोलकाठी २५ मीटर उंच असेल, तर तिच्या टोकाचे क्षितिज १८ किलोमीटरवर. दोन्हींची बेरीज २१.६ किलोमीटर. म्हणजे हवा स्वच्छ असेल तर एवढ्या अंतरावरून डोलकाठीचे टोक दिसू लागेल. पण पाण्यापासून ९ मीटरवर असलेला डेक दिसायला जहाज १४.४ किलोमीटरपर्यंत यावे लागेल. ताशी १० नॉट वेगाने ते सरळ तुमच्याकडे येत असेल तर मधल्या सुमारे २३ मिनिटांत तुम्हाला दिसतात फक्त काठ्या आणि धूर.

म्हणून त्या काळच्या ओळखपुस्तकांत जहाजाच्या वरच्या भागाला फार महत्त्व होते. अमेरिकन नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाने जपानी व्यापारी जहाजांचे असे एक जाडजूड पुस्तक तयार केले होते. प्रत्येक जहाजाची बाजूने दिसणारी आकृती, लांबी, डोलकाठीची उंची, वेग. इंग्लंडमध्ये टॅल्बट-बूथ नावाच्या नौदल अधिकाऱ्याने तर जहाजे अक्षरांत लिहायची पद्धतच बसवली. नाळेकडून मागे जात वाचायचे: डोलकाठीला एक अक्षर, धुराड्याला एक, माल चढवणाऱ्या यारीच्या खांबांना एक. काठी, खांब, धुराडे, खांब, काठी अशी ओळ तयार झाली की पुस्तकात त्या ओळीची जहाजे शोधायची. देवनागरीत शिरोरेषेच्या वरच्या भागावरून शब्द ओळखण्यासारखेच हे. वेलांटी आणि मात्रा दिसतात, अक्षरे झाकलेली.

इथे एक मेख आहे. ओळख फक्त ‘मारू की नको’ हे ठरवण्यासाठी लागत नाही, अंतर मोजण्यासाठीही लागते. पेरिस्कोपमध्ये एक युक्ती असते: जहाजाची एक प्रतिमा सरकवून तिची पाणरेषा दुसऱ्या प्रतिमेच्या डोलकाठीच्या टोकाला टेकवायची. किती सरकवावी लागली त्यावरून कोन कळतो. उंची पुस्तकातून घ्यायची. उंची भागिले कोनाची टॅन, झाले अंतर. समजा कोन एक अंश आला. डोलकाठी २४ मीटरची मानलीत तर अंतर १,३७५ मीटर. प्रत्यक्षात जहाज दुसरेच होते आणि काठी ३० मीटरची होती, तर अंतर १,७१९ मीटर. जवळजवळ साडेतीनशे मीटरची चूक, आणि कोन मात्र अगदी बरोबर मोजलेला! पँपनिटोवर टॉर्पेडोचे गणित करणारे यांत्रिक संगणक-यंत्र दुरुस्त करून चालू स्थितीत ठेवले आहे. दातेरी चाकांचे ते यंत्र अप्रतिम आहे. पण त्यालाही आपण सांगू तेच खरे वाटते.

फ्रिजची गुणगुण आणि कोमल गंधार

रात्री किंवा खोल पाण्यात डोळ्यांचा उपयोग नाही. मग कान. मालवाहू जहाजाचा पंखा मोठा आणि संथ असतो. मिनिटाला ९० फेरे आणि चार पाती असतील, तर मिनिटाला ३६० ठोके, सेकंदाला सहा. विनाशिकेचे पंखे जलद आणि हलके वाजतात. पाणबुडीतला सोनारवाला ठोके मोजून फेऱ्यांचा आणि त्यावरून वेगाचा अंदाज करतो.

शीतयुद्धाच्या काळात ही कला फार पुढे गेली आणि खेळांतही आली. कनेक्टिकटमधल्या वॉटरफर्डची सोनॅलिस्ट्स ही नौदलासाठी काम करणारी कंपनी. तिने १९९७ साली ‘६८८(आय) हंटर/किलर’ आणि २००५ साली ‘डेंजरस वॉटर्स’ हे खेळ केले. त्यांत तुम्ही जहाज बघत नाही, आवाजाचा आलेख बघता. गोंगाटातून काही बारीक रेषा वर येतात, आणि त्यातली एक आपल्या ओळखीची असते.

भारतात वीज ५० हर्ट्झची, अमेरिकेत ६०. पुण्याहून आणलेला मिक्सर आपण इथे ट्रान्सफॉर्मर लावून चालवतो तेव्हा व्होल्टेज बदलते, वारंवारता बदलत नाही. म्हणून इथल्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण तिकडच्यापेक्षा किंचित चढ्या सुरात असते. किती चढ्या? ६० भागिले ५०, म्हणजे सहाला पाच. संगीत शिकलेल्या वाचकांनी हे गुणोत्तर ओळखले असेल. तिकडची गुणगुण षड्ज मानली तर इकडची कोमल गंधार. पुढच्या वेळी रत्नागिरीच्या किंवा साताऱ्याच्या घरी रात्री फ्रिजशेजारी उभे राहून ऐका, आणि मग इथल्या स्वयंपाकघरात ऐका.

जहाजांचेही तसेच. अमेरिकन युद्धनौकांवरची वीज ६० हर्ट्झची, सोव्हिएत नौकांवरची ५०. जनित्रांची थरथर सांगाड्यातून पाण्यात उतरते आणि मैलोन्‌मैल दूर आलेखावर रेषा उमटते. खेळात ५० वर रेषा दिसली की खेळाडू हात चोळतो: सापडला! पण जरा थांबा. ५० हर्ट्झची वीज वापरणारे देश पुष्कळ आहेत, आणि आज बहुतेक व्यापारी जहाजांवर, मग ती कोणत्याही देशाची असोत, ६० हर्ट्झचीच वीज असते. रेषा खरी आहे, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष खरा असेलच असे नाही.

तेच पुस्तक, तोच डोळा, वेगळा समुद्र

आता एक छोटे गणित करू, कारण सगळी गोम त्यात आहे. समजा तुम्ही फार हुशार निरीक्षक आहात. १०० जहाजांपैकी ९० तुम्ही बरोबर ओळखता, शत्रू असो वा तटस्थ.

पहिला समुद्र: १०० जहाजांपैकी ९० शत्रूची, १० तटस्थ. शत्रूंपैकी ८१ तुम्ही शत्रू म्हणून ओळखाल. तटस्थांपैकी एकाला चुकून शत्रू म्हणाल. म्हणजे तुम्ही ‘शत्रू’ म्हटलेल्या ८२ जहाजांत चूक फक्त एक. तुमचा स्वतःवर विश्वास बसेल.

दुसरा समुद्र: १० शत्रूची, ९० तटस्थ. शत्रूंपैकी ९ बरोबर ओळखाल. तटस्थांपैकी ९ जणांना चुकून शत्रू म्हणाल. तुम्ही ‘शत्रू’ म्हटलेल्या १८ जहाजांपैकी निम्मी निरपराध!

तुमचा डोळा तोच आहे, पुस्तकही तेच. बदलला तो समुद्र. पहिल्या समुद्रात सहा महिने काढलेल्या माणसाला दुसऱ्या समुद्रात आणून सोडले, तर तो पहिल्या समुद्रातला आत्मविश्वास सोबत घेऊन येतो. खेळात बहुतेक मोहिमा पहिल्या समुद्रासारख्या असतात. त्यामुळे आपल्याला नकळत सवय लागते, की दिसले ते शत्रूचेच.

मराठी माध्यमात भूमिती शिकलेल्यांना पक्ष, साध्य आणि सिद्धता आठवत असेल. जे सिद्ध करायचे ते साध्यच कोणी हळूच पक्षात लिहिले, की बाई वहीवर लाल शेरा मारून विचारायच्या, “कशावरून?” इथे नेमके तेच होते. ‘हे जहाज शत्रूचे आहे’ हे आधीच पक्षात लिहिलेले असते.

अमेरिकन पाणबुड्यांच्या हातून तटस्थ जहाजे बुडाल्याचे खरे दाखले आहेत. एप्रिल १९४१ मध्ये सोव्हिएत संघ आणि जपान यांच्यात तटस्थतेचा करार झाला होता. त्यामुळे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून मदतीचे सामान घेऊन सोव्हिएत जहाजे जपानजवळच्या पाण्यातून थेट व्लादिवोस्तोकला जात. ती तटस्थ, आणि शिवाय अमेरिकेच्याच मित्राची. तरीही फेब्रुवारी १९४३ मध्ये ‘सॉफिश’ या अमेरिकन पाणबुडीने ‘कोला’ आणि ‘इल्मेन’ ही सोव्हिएत जहाजे बुडवली. जून १९४५ मध्ये, युद्ध संपत आले असताना, ‘स्पेडफिश’ने ‘ट्रान्सबाल्ट’ बुडवले. त्या पाण्यात दिसणारे जहाज जपानी, हे पक्षात लिहिलेलेच होते.

पँपनिटोची रात्र

आता पियर ४५ वरच्या आपल्या पाणबुडीकडे परत येऊ. सप्टेंबर १९४४. पँपनिटो, ‘सीलायन’ आणि ‘ग्राउलर’ या तीन पाणबुड्या दक्षिण चीन समुद्रात एका जपानी ताफ्याच्या मागावर होत्या. १२ सप्टेंबरला सीलायनने ‘राकुयो मारू’ बुडवले आणि त्याच रात्री पँपनिटोने ‘काचिदोकी मारू’. ओळख चुकली नव्हती. दोन्ही शत्रूची जहाजे होती, ताफ्यात होती. खेळात दोन्हींवर लाल त्रिकोण दिसला असता, आणि तो बरोबर असता.

काचिदोकी मारूची कहाणी तर ओळखपुस्तकाची थट्टा करणारी आहे. ते जहाज मुळात अमेरिकेतच, न्यू जर्सीच्या कॅम्डनला बांधलेले. ‘प्रेसिडेंट हॅरिसन’ या नावाने ते प्रवासी नेत असे. डिसेंबर १९४१ मध्ये जपान्यांच्या हाती सापडले आणि नाव बदलून त्यांच्या कामाला लागले. आकृती अमेरिकन, मालक जपानी.

आणि पोटात कोण होते? राकुयो मारूवर १,३०० हून अधिक आणि काचिदोकी मारूवर सुमारे ९०० ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन युद्धकैदी. ब्रह्मदेशाच्या रेल्वेवर राबवून आता त्यांना सिंगापूरहून जपानला नेत होते. जहाजांवर कैद्यांची कसलीही खूण नव्हती. तीन दिवसांनी पँपनिटो त्याच भागातून जात असताना तराफ्यांवर तेलाने माखलेली माणसे दिसली. जपानी असतील म्हणून हत्यारे घेऊन जवळ गेलेल्या खलाशांना इंग्रजीतून हाका ऐकू आल्या. त्या दिवशी पँपनिटोने ७३ जणांना वर घेतले. संग्रहालयात खाली उतराल तेव्हा हा आकडा लक्षात ठेवा. जिथे आपल्याला वाकून चालावे लागते, तिथे आधीच्या सगळ्या खलाशांसकट ही ७३ माणसे सामावून घेतली होती.

बिनतारी संदेश मिळाल्यावर आणखी पाणबुड्या धावल्या. त्यांत एक होती ‘क्वीनफिश’. कर्णधार इलियट लॉकलिन. तिने १८ जणांना वाचवले. हे नाव लक्षात ठेवा.

धुक्यातले अवा मारू

युद्धकैद्यांसाठी अन्न आणि औषधे पाठवता यावीत म्हणून पुढे अमेरिका आणि जपान यांच्यात एक समझोता झाला. रेड क्रॉसचे सामान नेणाऱ्या ‘अवा मारू’ या जपानी जहाजाला कोणी हात लावायचा नाही. त्याच्या बाजूंवर मोठे पांढरे क्रॉस रंगवले होते. रात्री ते दिवे लावून जायचे. मार्ग आणि वेळापत्रक कळवलेले होते. युद्धात दिवे लावून जाणारे जहाज वेडे वाटेल, पण तटस्थ आणि अभय मिळालेल्या जहाजांचे संरक्षण त्यातच असते: मी लपत नाही, म्हणून मला मारू नका.

१ एप्रिल १९४५ ची रात्र. तैवानच्या सामुद्रधुनीत दाट धुके. क्वीनफिशच्या रडारवर एक ठिपका आला. वेग १६-१७ नॉट, मालवाहू जहाजाच्या मानाने जास्त. ठिपका लहान, म्हणजे जहाज छोटे आणि बुटके. वेगवान आणि बुटके म्हणजे विनाशिका, असा लॉकलिन यांनी निष्कर्ष काढला. धुक्यात डोळ्यांनी काहीच दिसत नव्हते. १,२०० यार्डांवरून चार टॉर्पेडो सोडले. चारही लागले.

ते अवा मारू होते. परतीच्या प्रवासात मालाने आणि माणसांनी खच्चून भरलेले, म्हणून पाण्यात खोल बसलेले, म्हणून रडारवर लहान दिसलेले. वेगाचे कारण इतकेच की ते एक आधुनिक, वेगवान जहाज होते. दोन्ही निरीक्षणे अचूक होती. पांढरे क्रॉस धुक्याने पुसले. दिवे धुक्याने पुसले. अभयाचे संदेश पाणबुडीपर्यंत पोचले होते, पण ते संदेश आणि रडारवरचा ठिपका यांची त्या खोलीत गाठच पडली नाही. दोन हजारांहून अधिक लोक गेले. क्वीनफिशने पाण्यातून एका माणसाला वर काढले, आणि त्याच्याकडून जहाजाचे नाव कळले.

लॉकलिन यांच्यावर नौदलाने कोर्ट-मार्शल केले. आदेश पाळण्यात हयगय केल्याचा ठपका आला, लेखी समज मिळाली. पुढे ते रिअर अॅडमिरल झाले. तो माणूस निष्काळजी किंवा क्रूर होता असे म्हणून सुटता येत नाही, कारण साडेसहा महिन्यांपूर्वी कैद्यांना तराफ्यांवरून उचलणारा तोच होता. आणि अवा मारू गेले होते ते तसल्याच कैद्यांसाठी सामान घेऊन.

चांगली यंत्रे आली की हे थांबेल का? ३ जुलै १९८८ रोजी पर्शियन आखातात ‘व्हिन्सेन्स’ या अमेरिकन क्रूझरवर त्या काळातली सर्वात आधुनिक यंत्रणा होती. इराणी बोटींशी चकमक चालू असताना वर एक विमान दिसले. ते हल्ला करायला खाली येत आहे असे खलाशी सांगत राहिले. यंत्रणेच्या नोंदीत मात्र ते वर चढत होते. ते इराण एअरचे प्रवासी विमान होते. २९० लोक गेले, त्यांत १० भारतीय. आकडा पडद्यावर होता. पण हे विमान शत्रूचे आहे, हे पक्षात आधीच लिहून झाले होते.

मग खेळायचे कसे?

खेळ वाईट आहे असे मला अजिबात म्हणायचे नाही. उलट, क्षितिज, त्रिकोणमिती, ध्वनी आणि संभाव्यता एकाच बैठकीत शिकवणारे दुसरे काही मला माहीत नाही. फक्त तीन गोष्टी करून बघा, मुलांसोबत केल्यात तर उत्तमच.

एक, नकाशावरचे रंग बंद करा. दोन, टॉर्पेडो सोडण्याआधी कागदावर तीन ओळी लिहा: मला काय दिसले, ते आणखी काय असू शकेल, आणि काय दिसले तर मी माझे मत बदलेन. तिसरी ओळ रिकामी राहिली तर समजा की तुम्ही ओळख पटवत नाही आहात, कारण शोधत आहात. अवा मारूच्या रात्री ती ओळ अशी असती: ‘माल भरलेले वेगवान जहाजही असेच दिसेल.’ तीन, सोडून दिलेल्या जहाजांची नोंद ठेवा. खेळ त्यांचे गुण देत नाही. ते तुम्ही द्या.

आणि जवळपास संग्रहालय असेल तर मुलांना जरूर न्या. पँपनिटोसारख्या पाणबुड्या देशभर आहेत: क्लीव्हलँडला ‘कॉड’, बाल्टिमोरला ‘टॉर्स्क’, मॅसॅच्युसेट्सच्या फॉल रिव्हरला ‘लायनफिश’, मिशिगनच्या मस्कीगनला ‘सिल्व्हरसाइड्स’, होनोलुलूजवळ पर्ल हार्बरला ‘बोफिन’. मूल पेरिस्कोपला डोळा लावून म्हणेल, “ते बघ, शत्रूचे जहाज!” तेव्हा तुम्ही फक्त एवढेच विचारा: “कशावरून?”